मंदाताईंची फणी

आमच्या बिल्डिंगमधल्या मंदाताई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी मोठ्या माणसांकडे बघत नाहीत. लहान पोर कुठे आहे ते शोधतात, त्याची मान वाकवतात आणि कानामागचे केस बाजूला करतात. मग "चहा ठेव" किंवा "तेल आण" यांपैकी एक हुकूम सुटतो. दोन्ही सारख्याच रागात.

त्यांचा राग उतरलेला मी पाहिलेला नाही. सरकारी कचेरीत आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. भाऊ मुंबईला असतात, गणपतीला येतात आणि मंदाताईंचे मोदक आणि शिव्या दोन्ही खाऊन परत जातात. पाण्याची टाकी वाहिली की मंदाताई चिडतात, भरली नाही तरी चिडतात. पण त्यांचा खास राखून ठेवलेला राग उवांवर. आणि उवांपेक्षाही, उवा लपवणाऱ्या आयांवर.

मी त्यांपैकीच एक. माझी गिरिजा तेव्हा दुसरीत होती. तिची सायकल जिन्याखाली आडवी लावलेली असते म्हणून मंदाताई भांडायला आल्या होत्या. भांडण रंगात आलेलं असताना त्यांचं लक्ष गिरिजाच्या खाजवण्याकडे गेलं. वाक्य अर्धवट टाकून त्यांनी तिला पुढ्यात ओढलं.

"हिच्या डोक्यात उवा आहेत."

"आमच्याकडे असलं काही नसतं," मी म्हटलं.

त्यांनी नखावर एक ऊ धरून माझ्या नाकासमोर आणली. "मग ही कोण? माहेरपणाला आलीय?"

मला इतका संताप आला की मी तडक मारुती मंदिराजवळच्या मेडिकलमधून सगळ्यांत जालीम औषध घेऊन आले. मंदाताईंनी बाटली डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाल्या, "पोरीला लावणार की ढेकणांना?" मग पदराला बांधलेल्या किल्ल्यांशेजारून फणी काढली. पोलादी, लांब आणि बारीक दातांची. गिरिजाच्या केसांना खोबरेल चोपडलं, बटा वेगळ्या केल्या आणि मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायला सुरुवात केली. दर ओढीला फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. हात मऊ आणि तोंड चालू. केबलवाला, नारळाचे भाव, नगरपालिका, कुणी सुटलं नाही.

"आज निघाल्या म्हणजे झालं असं समजू नको. लिखा राहतात, त्या फुटतात. तीन-चार दिवसांनी परत, मग परत. कंटाळा आला तर उवा जिंकतात."

आमच्या मुलांच्या डॉक्टरांना मी विचारलं. तेही म्हणाले, चिकाटी असेल तर फणीच उत्तम, औषध लागलंच तर विचारून. उशीत कडुलिंबाचा पाला घालायच्या मंदाताईंच्या उपायावर मात्र ते हसले. हे मी मंदाताईंना सांगितलं, तर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. उवा मुळात घाटावरून येतात हेही त्यांचं ठाम मत आहे. त्यावर वाद घालायला कुणी जात नाही.

तळमजल्यावरच्या सीमाच्या घरातला प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. तिची प्राची तिसरीत. वर्गात तिच्या डोक्यात ऊ दिसली म्हणून बाईंनी तिला मागच्या बाकावर एकटीला बसवलं. पोरं तिला 'उवाबाई' म्हणू लागली. "डोकं साफ झाल्याशिवाय पाठवू नका," असा निरोप आला. सीमाचा नवरा आंब्याच्या बागेत कामाला. घरात मोहरावर फवारायचं औषध होतं. त्या दुपारी सीमा ते वाटीत ओतून घेऊन बसली.

मंदाताई जिना उतरत होत्या. वास आला तशा त्या दार ढकलून आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग.

"खाली ठेव ती वाटी."

"थोडंसंच लावत्ये," सीमा म्हणाली.

"झाडाला फवारताना तुझा नवरा तोंडाला फडकं बांधतो. आणि पोरीच्या टाळूला लावत्येस? जिवाला मुकेल गो ती."

सीमा रडायला लागली. "मग काय करू? हे म्हणतात, टक्कल करा." दाराआड प्राची दोन्ही वेण्या मुठीत धरून उभी होती.

"टक्कल नाही आणि विषही नाही. बाय, इकडे ये. बस."

संध्याकाळपर्यंत फणी चालली. दुसऱ्या दिवशी मंदाताई प्राचीला घेऊन शाळेत गेल्या, आणि भांडण हाताबाहेर जाऊ नये म्हणून मीही गेले. बाई म्हणाल्या, "आम्ही स्वच्छतेच्या दृष्टीने केलं."

"ऊ घाणेरडं डोकं शोधत नाही, जवळचं डोकं शोधते," मंदाताई म्हणाल्या. "पोरी डोक्याला डोकं लावून गुजगोष्टी करतात, तिथून ती जाते. हिला मैत्रिणी आहेत, याची शिक्षा दिलीत तुम्ही. आता सगळ्यांची डोकी बघा, घरी सांगा, फणी फिरवा. हिला पुढे बसवा."

बाईंचा हात नकळत स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. मी मंदाताईंना थांबवायला गेले होते. शेवटी मीच दोन शब्द जास्त बोलून आले.

पुढे कित्येक दिवस मंदाताईंच्या गॅलरीत पोरींची रांग असायची. हळूहळू सगळ्यांची डोकी साफ झाली आणि रांग संपली. मंदाताईंचं दारही बंद राहू लागलं. पोरींना बघून त्या लांबूनच खेकसायच्या, "जवळ येऊ नका." मला वाटलं, स्वभावाला औषध नाही.

एका दुपारी फणसाची भाजी द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मंदाताई कपाटाच्या आरशाकडे पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून मानेमागे फणी फिरवत होत्या. हात पोचत नव्हता. मला बघून त्या संतापल्या.

"काय बघत्येस? पोरींच्याच आल्या. तेव्हापासून आहेत."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला सांगू? स्वतःचं मागचं दिसत नाही गो."

मी भाजी ओट्यावर ठेवली, त्यांच्या हातातली फणी घेतली आणि त्यांना खाली बसवलं. पांढरे, विरळ केस. तेल लावताना त्या बोलत होत्या, बट नीट धर, मुळापासून ओढ, तुला साधं येत नाही. मग बोलणं तुटक झालं. मग थांबलं. खांदे सैल झाले.

"आई गेल्यापासून कुणी हात नाही लावला," त्या म्हणाल्या. हे मात्र चिडून नाही.

बऱ्याच वेळाने फडक्यावर काहीच पडेनासं झालं. त्यांची मान खाली होती, पण फडकं त्यांना दिसत होतं.

"अजून असतील," त्या म्हणाल्या.

"असतील की," मी म्हटलं आणि पुढची बट धरली.