हरणाबाईचा गळ आणि सुभेदाराचा शिंगाळा

शिंगाळा धरायला अक्कल लागते आणि ती गावात एकाच घरी आहे, असं हरणाबाईचं ठाम मत होतं. घर अर्थातच तिचं!

तसं म्हसवडकडच्या त्या माळावर बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मासा कुणी बघितलाच नव्हता. दुष्काळी कामावर लोकांनी पाझर तलाव खणला, पुढं तो भरला आणि त्यात लांब मिशांचे शिंगाळे दिसायला लागले. पण लेकीची सासू बनुबाई पडली कृष्णाकाठची! भर मांडवात म्हणाली, "तुमच्याकडं मेंढरं मोप. मासा कुठल्या बाजूनं धरत्यात, ठावं तरी हाय का?"

झालं! हरणाबाईनं पदर खोचला.

"पुढल्या बेस्तरवारी जेवायला या. माझ्या अकलेनं धरलेला शिंगाळा ताटात घालते. न्हाई घातला, तर तुमच्याम्होरं पुन्यांदा तोंड उघडायची न्हाई!"

हे ऐकून तिचा नवरा तात्याबा वर्षात पहिल्यांदा हसला.

बेस्तरवार उजाडला. गळाला काय लावावं, हे सांगायला निम्मा गाव दारात! मिल्ट्रीतनं पेन्शनीत आलेला कोंडीबा म्हणाला, "वयनी, पिवळा साबण लावा. शिंगाळा वासावर येतो."

"कालवण करायचंय रं बाबा, आंघूळ न्हाई घालायची!"

शेजारची भामाबाई म्हणाली, "कोंबडीची आतडी लाव. दोन दिस उन्हात वाळलेली."

"ती तू तुझ्या जावयाला वाढ!"

शेवटी तात्याबा चाचरत बोलला, "म्या म्हंतो, साधं गांडूळ..."

"गांडूळ? आवं, पाव्हणीच्या ताटातला मासा तो! तुमाला कुणी जेवाया बोलवून गांडूळ वाढलं, तर जाल का?"

हरणाबाईनं बाजारातनं बकऱ्याचं काळीज आणलं होतं. हळद, मीठ, लसूण लावून तव्यावर असं परतलं, की वासानं कुत्रं चुलीपुढं येऊन बसलं. तात्याबाही बसला. त्याच्या पुढ्यात तिनं भाकरी आणि ठेचा ठेवला.

गळ टाकायची तिची रीतही वेगळी. तासन्‌तास दोरी धरून बसायला ती काय बगळा होती? तिनं दोरीचं एक टोक सुभेदाराच्या गळ्यातल्या घंटीला बांधलं. सुभेदार म्हणजे कळपाचा म्होरक्या मेंढा. पोटानं मोठा, अंगानं आळशी. मासा ओढेल, घंटी वाजेल, आपण उठू! काळीज गुंडाळलेलं पान तात्याबाच्या हातात देऊन ती म्हणाली, "गळाला नीट लावा," आणि तलावाकाठच्या बाभळीखाली घोंगड्यावर आडवी झाली.

घंटी वाजली. वाजली म्हणजे काय, देवळात आरती सुरू झाल्यासारखी वाजली! सुभेदाराला वाटलं, मागनं लांडगा आला. जन्मात पळाला नव्हता, तो घराच्या दिशेनं तोफेच्या गोळ्यासारखा सुटला. पाठीमागं दोरी, दोरीला हातभर शिंगाळा, शिंगाळ्यामागं कुत्रं! आणि म्होरक्या पळाला की कळप थांबतो होय? चाळीस मेंढरं धुरळा उडवत गावात शिरली. सगळ्यांत शेवटी हरणाबाई, "धरा! माझा मासा धरा!" म्हणून बोंबलत.

अंगणात बनुबाई नवं लुगडं नेसून नुकतीच टेकली होती. मेंढरांचा लोंढा आला तशी ती पाण्याचा तांब्या घेऊन बाजेवर चढली. सुभेदार बाजेला धडकून थांबला आणि शिंगाळा उडून तिच्या पायाशी आदळला.

"बघा!" हरणाबाई धापा टाकत म्हणाली. "घरपोच! काळीज लावलं व्हतं, तव्यावर परतलेलं! तुमच्या नदीत हाय का कुणाला ही अक्कल?"

बनुबाई खाली उतरली. सवयीच्या हातानं तिनं माशाच्या जबड्यातनं गळ सोडवला, उजेडात धरला आणि निवांत विचारलं, "विहीणबाई, तुमच्याकडं काळीज असं वळवळतंय व्हय?"

गळाला अर्धं गांडूळ लोंबत होतं.

सगळ्यांनी मागनं रमतगमत आलेल्या तात्याबाकडं बघितलं. त्याच्या मिशीला हळद लागलेली होती. तोंडाला लसणाचा वास येत होता.

हरणाबाई मात्र शब्दाची पक्की! मासा तिच्या अकलेचा नव्हता, तर नव्हता. तिनं कालवण केलं, ताटं वाढली, पण बनुबाईसमोर तोंडातनं चकार शब्द काढला नाही. नुसते डोळे तेवढे फिरत होते, तात्याबावर.

तात्याबानं दोनदा रस्सा मागून घेतला. मीठ कमी असल्याचं सांगितलं. तरी चूप! मग ढेकर देऊन तो पाहुणीकडं वळला आणि हात जोडून म्हणाला,

"विहीणबाई, एवढी काय घाई हाय जायाची? दिवाळीपतूर ऱ्हावा की!"