नाथाजी हवालदाराची तिरकी धाव

"आवं, शेंगा तुडवू नका!" शालूबाई ओसरीवरून ओरडली. तोवर नाथाजी हवालदार वाळत घातलेल्या शेंगांत एका अंगानं घुसून दुसऱ्या अंगानं बाहेरही पडला होता. न्हाणीच्या कोपऱ्यातून निघायचं, अंगण तिरकं कापत गोठ्याच्या कोपऱ्यात जायचं, तिथं गर्रकन वळायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं, हा त्याचा सराव सकाळपासून चालला होता. कोंबड्यांनी केव्हाच अंगण सोडलं होतं. म्हैस तेवढी तोंडातला घास तसाच ठेवून धन्याकडं बघत उभी होती.

"पळायचंच हाय तर कडंनं पळा की. सरळ वाट सोडून शेंगांतनं कशाला?"

"सरळ कुनीबी पळतंय," नाथाजी धापा टाकत म्हणाला. "पंचाला तिरकं पळावं लागतंय. चेंडू मधी. ह्या अंगाला पंच, त्या अंगाला निशाणवाला. दोगांच्या डोळ्यांतनं मुंगीबी सुटायची न्हाई. आमचा कप्तान सायेब सांगायचा, चेंडूच्या जवळ ऱ्हा, जरा बाजूला ऱ्हा, पर वाटंत कवा उभा ऱ्हाऊ नगं. सगळी करामत जागंची हाय बग."

शालूबाईनं सूप खाली ठेवलं. "त्ये जागंचं तुमी बगा. मला एवढंच सांगा, माझ्या भावाच्या पोराच्या बारशाला मी जानार का न्हाई?"

"जानार! अगं, मी पंच असताना भांडान हुतंयच कसं?"

शालूबाईचं माहेर ओढेवाडी. माळवाडीहून ओढा ओलांडला की ओढेवाडीचं पहिलं घर लागतं, पण गेल्या वर्षभरात तो ओढा कुणीच ओलांडला नव्हता. लढाई संपली आणि दोन्ही गावचे जवान पलटणीतून घरी परतले. येताना त्यांनी चहाची तलफ आणली आणि फुटबॉलही आणला. गेल्या साली दोन्ही गावांची मॅच ठरली, आणि पंच म्हणून कुस्त्यांचे निकाल देणाऱ्या कोंडीबा पैलवानाला उभं केलं. कोंडीबानं मैदानाच्या मधोमध मांडी ठोकून बैठक मारली आणि खेळ संपेपर्यंत तिथून हलला नाही. गोल झाला की नाही हे तो खेळाडूंनाच विचारायचा. शेवटी दोन्हीकडच्या काठ्या बाहेर निघाल्या आणि गावांचं येणंजाणं बंद झालं. ओढेवाडीच्या लेकी माळवाडीत अडकल्या, माळवाडीच्या ओढेवाडीत. दिवाळीलाही कुणी माहेरी गेलं नाही.

यंदा जुनी माणसं म्हणाली, मॅच पुन्हा खेळा. सुखरूप पार पडली तर झालं गेलं ओढ्याला सोडू. पंच कोण, या प्रश्नाला दोन्ही गावांतून एकच नाव आलं, नाथाजी हवालदार. त्यानं पलटणीत थेट इटलीपर्यंत जाऊन पंचगिरी केली होती. आपल्या विद्येचा हा मान आहे, अशी नाथाजीची खात्री होती. प्रत्यक्षात माळवाडीकर एकमेकांना म्हणत होते, "आपलंच पोरगं हाय." आणि ओढेवाडीकर म्हणत होते, "जावई हाय आपला. सासऱ्याम्होरं मान वर करतोय व्हय?"

मॅचच्या दिवशी मधल्या माळावर दोन्ही गावं लोटली. नाथाजीनं इस्त्रीची खाकी चड्डी घातली होती आणि गळ्यात पलटणीची शिट्टी अडकवली होती. दोन्ही गावचा एकेक माणूस निशाण देऊन कडेला उभा केला होता. माळवाडीचा पुढारी ज्ञानू आणि ओढेवाडीचा पुढारी गुंडा, दोघांना समोर घेऊन त्यानं दम भरला.

"माझी जागा ठरल्याली हाय. ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापतोर. मधी कुनी आडवं येऊ नगा."

शिट्टी झाली आणि हवालदार सुटला. चेंडू डावीकडं गेला की हा मागून तिरका, चेंडू परतला की हाही वळला. पहिला पाव तास तर लोक खेळाडूंना सोडून त्यालाच बघत होते. ज्ञानूनं गुंडाला मागून लाथ घातली, ती त्यानं दहा हातांवरून पकडली. गुंडानं चेंडूला हात लावला, तोही पकडला. दोन्हीकडचे गुमान ऐकत होते. नाथाजीची छाती दोन बोटं फुगली.

घोटाळा झाला तो कोपऱ्यात. नाथाजीची तिरकी वाट जिथं संपत होती, नेमक्या त्याच कोपऱ्यात बाभळीच्या सावलीला घोंगडी टाकून त्याचे सासरे लालासाहेब पानाचा डबा उघडून बसले होते. जावई वर्षानं दिसत होता आणि दर दोन मिनिटांनी आपणहून पुढ्यात येत होता.

"या पावणं! पान खावा."

"मामा, खेळ चाललाय," नाथाजी वळता वळता म्हणायचा.

दुसऱ्या खेपेला, "जावईबापू, पान!" तिसऱ्या खेपेला, "आवं, घ्या की, लावून ठेवलंय." चौथ्या खेपेला लालासाहेबांचा आवाज बदलला. "आमच्या पानाला नाव ठेवताय व्हय?"

इटलीत गोळ्यांसमोर न वाकलेला हवालदार सासऱ्यांसमोर वाकला. त्यानं पान घेतलं, गालात दाबलं आणि पळाला. तेवढ्यात समोर ओढेवाडीच्या पोरानं चेंडू चक्क हातानं खाली घेतला. नाथाजी अगदी जागेवर होता, त्याला लख्ख दिसलं. त्यानं छाती भरून शिट्टी फुंकली. शिट्टीतून आवाज आला नाही, लाल पिचकारी आली. सुपारीचं खांड शिट्टीतल्या वाटाण्याएवढ्या गोळीला जाऊन अडकलं होतं. नाथाजी हात हलवत "फाऊल, फाऊल" करत राहिला, पण पानानं भरलेल्या तोंडातून ते "फाऊ, फाऊ" असं निघत होतं, आणि लोकांना वाटलं हवालदार 'वाहवा' म्हणत सासऱ्यांच्या पानाची तारीफ करतोय. ओढेवाडीचा चेंडू गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला म्हणून निभावलं.

मध्यंतर होताच ज्ञानू माळवाडीची पोरं घेऊन अंगावर आला.

"नाथाजी, तू पंच हायस का सासऱ्याचा पानवाला? सारका तिकडंच का पळतोयस रं?"

"गड्या, ती जागा हाय. तिथनं दिसतंय."

"पान दिसतंय! दुसरा कोपरा न्हाई व्हय मैदानाला?"

नाथाजीनं काडीनं शिट्टी कोरता कोरता विचार केला. तिरकी वाट दोन्ही कोपऱ्यांनी घेता येते. शास्त्राला धक्का लागत नाही आणि गावाचंही समाधान होतं. दुसऱ्या डावात त्यानं वाट फिरवली. मात्र त्या वाटेच्या टोकाला माळवाडीची तालीम बसली होती आणि त्यांच्यात पुढं त्याचे चुलते होते. पुतण्या समोर आला की चुलते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "शाबास रं वाघा! दाखव त्यास्नी!"

पाच मिनिटांत गुंडानं खेळ थांबवला.

"दाजी, ह्ये काय? आता चुलत्याकडं?" गुंडा बयाबाईंचा, म्हणजे नाथाजीच्या सासूचा भाचा लागत होता. "मगाशी आमचं एक फाऊल सोडलं म्हनून आता त्येंचं दहा सोडायचं ठरलं काय?"

"आरं, जागा बदलली फकस्त!"

"मानूस बदललाय! ह्या कोपऱ्यात जायाचं न्हाई आनि त्याबी न्हाई!"

दोन्हीकडून माणसं उठून उभी राहिली. मागं कुठंतरी काठी आपटल्याचा आवाज आला. नाथाजीला बारसं आठवलं. आजवर पंचगिरीत त्यानं कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं, लोकांचं ऐकलं.

"बरं, मी मधनं पळतो. सरळ. ह्यो कोपरा नगं, त्यो नगं. झालं समाधान?"

झालं. दोन्ही गावं खाली बसली. नाथाजी मैदानाच्या मधोमध, या गोलपासून त्या गोलपर्यंत वरखाली पळू लागला. मात्र आता चेंडू कधी त्याच्या पाठीमागून जाई, कधी दोन तंगड्यांच्या मधून. दोनदा तो खेळाडूंना धडकला, एकदा ज्ञानूनं त्यालाच चकवून चेंडू पुढं नेला. "इस्वास ठेवा, सगळं दिसतंय," असं तो ज्याला त्याला सांगत होता. खेळ संपत आला, गोल कुणाचाच नाही. बरोबरीत सुटलं तर भांडायला कारणच नाही. नाथाजीनं मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

शेवटच्या मिनिटांत ओढेवाडीची सगळी पोरं माळवाडीच्या गोलवर चालून आली. नाथाजीही मधनं धावला. पुढं ज्ञानू उभा होता. ज्ञानूच्या लाथेची ख्याती अशी की त्याची बैलं त्याच्या पायाकडं बघून चालत. चेंडू समोर येताच त्यानं तो ओढ्यापार घालवायच्या इराद्यानं ठेवून दिला. चेंडू सुटला आणि समोर, नेमक्या वाटेत, हवालदार नाथाजी.

फाट्! चेंडू त्याच्या कपाळावर बसला, आल्या वाटेनं उलटा फिरला आणि ज्ञानूच्या डोक्यावरून माळवाडीच्या गोलकडं निघाला. आता चेंडू गेला म्हणून गोलवाला निर्धास्त पाठ करून मुंडाशाचा पीळ घट्ट करत होता. त्याच्या कानाजवळून चेंडू दोन बांबूंच्या मधून आत गेला. नाथाजी जमिनीवर बसला होता. डोळ्यांपुढं काजवे होते, पण चेंडू रेघेपार जाताना त्याच्याइतका स्वच्छ कुणालाच दिसला नव्हता.

माळावर सगळ्यांच्या नजरा त्याच्या शिट्टीकडं वळल्या. नाथाजी उठला. आजूबाजूला बघितलं. नियम त्याला पाठ होता. पंचाला लागून चेंडू गेला तरी खेळ चालूच. 'न्हाई' म्हटलं असतं तर बरोबरीत सुटलं असतं, पण हवालदाराच्या तोंडातून ते निघेना. त्यानं शिट्टी फुंकली. यावेळी ती खणखणीत वाजली.

"गोल! ओढेवाडी!"

"कशाचा गोल?" ज्ञानू उसळला. "कुनी केला?"

"मी न्हाई केला. मला लागून झाला. नियमात पंच म्हंजे खांब. खांबाला लागून गेला तर गोल धरतोस का न्हाई?"

"खांब पळतोय व्हय रं? खांब पान खातोय?"

माळवाडीकडून कुणीतरी ओरडलं, "सासऱ्यानं पान चारलं, जावयानं गोल दिला!"

नाचत असलेला गुंडा हे ऐकून जागीच थांबला. त्याचं रक्त तापलं. "ए, आमी भीक घेत न्हाई! नगं आमाला ह्यो गोल. तुमच्या पोरानं केलाय, तुमीच ठेवा!"

"तुमच्या जावयानं केलाय, तुमी घ्या!"

"पोरगं तुमचं!"

"जावई तुमचा!"

सकाळपर्यंत दोन्ही गावं ज्याला आपला म्हणत होती, तो आता कुणालाच नको होता. "गोल म्हंजे गोल!" नाथाजी मधे उभा राहून ठणकावत होता. "तुमाला पायजे का नगं, ह्यो सवालच न्हाई!" पण ऐकतो कोण? काठ्या वर झाल्या.

आणि त्या गर्दीतून वाट काढत एक म्हातारी आली. नाथाजीच्या सासूबाई, बयाबाई. त्यांना ऐकू जरा कमी यायचं. गलक्यातून त्यांच्या कानांवर एवढंच पडलं होतं, की जावयानं गोल केला. साखर त्या दिवसांत मिळत नव्हती, म्हणून त्यांनी बाजारात न्यायला गाडीत ठेवलेली नव्या गुळाची ढेप फोडून ताट भरलं होतं.

"ज्ञानबा, घे," म्हणत त्यांनी ज्ञानूच्या उघड्या तोंडात गुळाचा खडा घातला. "तुमच्या गावच्या पोरानं नाव काडलं बग!"

ज्ञानूला बरंच काही बोलायचं होतं. पण ताजा, चिकट गूळ दाताला बसला.

"आनि तू रं गुंडा? आपल्या जावयानं गोल केला आनि तू तोंड पाडून उभा? घे!"

गुंडाही गप्प झाला. म्हातारी रांगेनं निघाली. ज्याच्या हातात काठी, त्याला त्या "काठी धर बाजूला, हात पसर," म्हणत. थोरल्या बाईच्या हातचा गूळ नाकारायचा कसा? एकेक काठी बगलेत गेली. मग कुणी पाणी मागितलं, ते दुसऱ्या गावच्या घागरीतून आलं. लालासाहेबांनी पानाचा डबा चुलत्यांपुढं सरकवला. तेवढ्यात वेळ संपली आणि नाथाजीनं शेवटची शिट्टी दिली. एक गोल, ओढेवाडी विजयी. कुणी हरकत घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात बारसं झालं. बायकोला आणायला नाथाजी ओढेवाडीला गेला. उन्हं कलताना दोघं ओढ्याकडं निघाली. कपाळाचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं, पण चाल हवालदाराचीच होती.

"बगितलंस?" तो म्हणाला. "गोल न्हाई म्हनालो असतो तर आजन्म भांडत बसली असती. पंच ठाम ऱ्हायला, म्हनून दोन गावं एक झाली."

"व्हय तर," शालूबाई म्हणाली. "पर आमी बाया त्या दिवशी पयल्यापास्नंच एका घोंगडीवर बसलो व्हतो, आईच्या गाडीमागं. बारशाचा दिस खेळ सुरू व्हायच्या आदीच ठरला. वर्साच्या गोष्टी व्हत्या, खेळाकडं बगायला सवड कुनाला?"

नाथाजीची चाल जरा मंदावली. ओढ्यात पाय घालताना त्यानं विचारलं, "म्हंजे तू काईच बगितलं न्हाईस?"

"न्हाई वो. गोल केला म्हनून ओरडा झाला, तवा तेवढं उठून बगितलं. लय बरं वाटलं." दगडावर पाय ठेवत ती थांबली आणि जराशी लाजून म्हणाली, "एक इचारू? आईनं दोनदा इचारलं, मला सांगता येईना. तुमी कुटल्या गावाकडनं खेळत व्हता?"