सुभेदारांचं हेडक्वार्टर

आमच्या तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटरला प्रश्न विचारून उत्तरासाठी उभा राहणारा माणूस एकच, मासाळ सुभेदार. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत ते आधी ‘गेटटेक्स्ट’ हा हुकूम टाइप करतात, पुढं आपल्या मराठी वाक्यांच्या फाईलचं नाव, मग अवतरणचिन्हांत एक इंग्रजी वाक्य. एंटर दाबून खुर्ची मागं सारतात आणि उठतात. खाली त्याचं मराठी वाक्य उमटलं की म्हणतात, “हजर हाय.” त्या वाक्याला मराठी दिलेलंच नसेल, तर यंत्र तेच इंग्रजी वाक्य जसंच्या तसं परत करतं. मग ते माझ्याकडं वळतात. “सर, ह्यो गडी अजून भरती व्हायचाय.”

सुभेदार माणमधले, दहिवडीच्या बाजूचे. सव्वीस वर्षं सैन्यात सिग्नलला होते. निवृत्तीनंतर आमच्याकडं बेदाण्याच्या पेट्यांची नोंद ठेवायला आले आणि आवारातल्याच खोलीत राहिले. मी इथला व्यवस्थापक. आमचा प्रोग्राम इंग्रजीत बोलायचा आणि हमाल त्याच्याकडं बघतही नसत. एकदा आतली थंडी कमी झाल्याची सूचना पडद्यावर दोन तास लुकलुकत होती. तिच्यासमोर बसून चौघांनी चहा घेतला. प्रोग्रामात मराठीची सोय आहे, हे सुभेदारांनी त्याच आठवड्यात हुडकून काढलं आणि एकेक वाक्य भरायला घेतलं.

मराठी म्हणजे त्यांची मराठी. थंडी उतरली की पडदा म्हणायचा, ‘आत ऊब धराया लागलीया. दार बगा.’ पासवर्ड चुकला की, ‘ह्यो न्हवं. आठवून बगा, घाई न्हाई.’ हमाल वाचायला लागले. एकजण तर पडद्याला “व्हय, व्हय, निघालो” असं उत्तर देऊन दाराकडं जायचा.

प्रत्येक वाक्य आधी मंजुरीला जायचं. दुपारी एकला सुभेदार फोन घेऊन कडुनिंबाखाली जात. “हेडक्वार्टरला इचारून येतो.” कधी पडलेल्या चेहऱ्यानं परत येत. “नामंजूर. लय सायबी वाटतंय म्हणं.” मला वाटायचं, कुणी जुने लष्करी अधिकारी असतील. महिन्याभरानं कळलं, हेडक्वार्टर म्हणजे त्यांच्या पत्नी हौसाबाई. त्या गावाकडं मेंढरं राखतात आणि मेंढरं सोडून तासगावला यायला तयार नाहीत. वाक्य त्यांना समजलं तर सगळ्यांना समजेल, असा सुभेदारांचा नियम.

आता माझी चूक सांगतो. मालकांकडं पुण्याचे पाहुणे आले होते. त्यांनी पडदा वाचला आणि ते हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण मला लाज वाटली. मी बी.ए.ला मराठी घेतलेलं. रात्रभर बसून सगळी वाक्यं शुद्ध केली आणि सकाळी वही सुभेदारांपुढं ठेवली. ‘तापमान अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक आहे. कृपया द्वार तपासावे.’

त्यांनी वही चाळली. “येस सर,” म्हणाले. दोन दिवसांत माझ्या वाक्यांची फाईल चालू केली.

हमाल पुन्हा पडद्यासमोर चहा प्यायला लागले. “सायेब, हे अनुज्ञेय कुठल्या गावचं?” एकानं विचारलं. मी त्याच्यावर खेकसलो. दुपारी एकला सुभेदार जागेवरच डबा उघडायला लागले, हे मी पाहत होतो.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. सुभेदार तेव्हा पेट्या मोजायला आत गेले होते.

“आवं सायेब, मी मासाळांच्या घरनं बोलतीया. त्येंची तब्येत बरी हाय न्हवं?”

“बरी आहे, वहिनी. का?”

“फोन लावला की ‘जेवलीस का’ इचारत्यात अन् ठेवत्यात. आदी वाक्यं इचारायचं. मी म्हणायची, आसं नगं, तसं लिवा. त्यातनंच मग मेंढरांचं निगायचं, लेकीचं निगायचं. ते मिल्ट्रीत हुतं तवा पत्र गुरुजी वाचून दावायचं. गुरुजींच्या म्होरं ते काय लिवणार अन् मी काय सांगणार? आमास्नी बोलायची सवयच न्हवती. आता कुटं लागली हुती.” मग आवाज खाली आला. “माज्या वाक्यांपायी त्येंना कुणी बोललं का? मला काय शाळा न्हाई, सायेब.”

“नाही हो वहिनी, कुणी काही बोललं नाही,” मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण इतकं तोंडातल्या तोंडात कधी बोललो नाही.

सुभेदार बाहेर आले. मी विचारलं, “तुमची जुनी फाईल आहे का हो?”

“हाय की. तुमी बदलाय सांगितलं हुतं, पुसाय न्हवतं सांगितलं.”

“ती परत लावा. माझी कुणाला कळत नाही.”

त्यांनी ती तिथल्या तिथं लावली, मला एका शब्दानं दुखवलं नाही. वहिनींचा फोन आला होता हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते संकोचतील असं स्वतःला समजावतो. खरं म्हणजे माझीच छाती होत नाही. त्याऐवजी मी प्रोग्राम बनवणाऱ्या माणसाच्या मागं लागलो आणि पेट्यांच्या वजनाच्या नवीन सूचना मागवल्या. बारा इंग्रजी वाक्यं कागदावर उतरवून सुभेदारांना दिली. “एवढी मराठीत लागतील. सावकाश होऊ द्या.”

दुपारी एकला ते कागद घेऊन बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होतो. पहिलं वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं, दुसरंही वाचलं. पुढं काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. पाऊण तासानं पाहिलं, तर कागद घडी होऊन खिशात गेला होता. फोन अजून कानाला होता, आणि सुभेदार पायानं मातीत काहीतरी गिरवत नुसते ऐकत होते.