पंख्याखाली शिकलेलं टेनिस

"टेनिस म्हणजे नुसता नजरेचा खेळ," चष्मेवाल्याने जेवताना जाहीर करून टाकलं, "आणि नजर हा तर आपला धंदाच आहे!"

आजवर त्याने रॅकेट उचलली होती ती फक्त डास मारायची. पण क्लबात पालक आणि मूल अशा जोड्यांचे सामने होते, आणि गेल्या वर्षी जोडीदार नाही म्हणून त्याची लेक दिवसभर कुंपणापलीकडचे चेंडू आणून देत होती. घरी येऊन ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, तेच त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"खरंच खेळशील, बाबा?"

"खेळणार काय, जिंकणार!"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला आणि त्याच हाताने त्याला वाढलं.

पहिल्या दिवशी कोचने चेंडू कसा मारायचा ते शिकवलं. दुसरा दिवस पहिल्या दिवसाचे चेंडू शोधण्यात गेला. मग कोच म्हणाला, "सर्व्हिस करताना चेंडू सरळ वर उडवता आला की अर्धं काम झालं. तेवढं घरी घोटून घ्या."

घरी म्हणजे हॉलमध्ये. वर पंखा गरगरत होता.

"पंखा बंद करू का जरा?"

"बाबांना उकडतं," बायको म्हणाली. बाबा म्हणजे त्याचे सासरे, सोफ्यावर पेपर वाचत बसलेले.

"जावईबापू, तुम्ही खुशाल खेळा. माझा काही त्रास नाही."

पहिला चेंडू वर गेला, पंख्याच्या पात्यावर आपटला आणि बायकोच्या चहात पडला. पुढचा सासऱ्यांच्या पेपरातून आरपार गेला. त्याच्या पुढचा चष्मेवाल्याच्या टाळक्यात बसला. सासरे शांतपणे उठले, स्कूटरचं हेल्मेट घालून आले आणि फाटलेलं पान उलटून पुढे वाचू लागले.

"बाबा, आतल्या खोलीत बसा ना," बायको म्हणाली.

"आतला पंखा हळू फिरतो."

रोज घाम गाळून त्याला दोन गोष्टी जमल्या. चेंडू पंख्याच्या वीतभर खालपर्यंतच उडवायचा, आणि चुकून वर गेलाच तर डोळ्याचं पातं लवायच्या आत मटकन खाली बसायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी पक्की झाली.

सामना पडला तो दंतवैद्य आणि त्यांच्या मुलाशी. चष्मेवाल्याने ऐटीत सर्व्हिससाठी चेंडू उडवला आणि त्याच क्षणी तो खाली बसला. चेंडू पाठीवर पडला. लोक हसले. त्याने पुन्हा उडवला आणि पुन्हा बसला.

लेक जवळ आली. "बाबा, इथे वर पंखा नाहीये."

"मला माहीत आहे गं. माझ्या गुडघ्यांना माहीत नाही."

त्याने घालवलेले पॉइंट पोर एकटी धावून धावून भरून काढत होती. तो जाळ्याजवळ खांबासारखा उभा होता आणि तिच्याकडे पाहून त्याचा ऊर भरून येत होता. बरोबरी झाली. आता शेवटचा पॉइंट जो घेईल तो जिंकणार होता.

दंतवैद्यांनी सारा जोर लावून फटका मारला, तो थेट चष्मेवाल्याच्या कपाळाच्या रोखाने. त्याला फक्त गरकन फिरलेली रॅकेट दिसली, पंख्याच्या पात्यासारखी. तो मटकन बसला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, लेकीने अंग चोरलं, आणि तो रेषेच्या बाहेर जाऊन पडला.

"आउट!" कोच ओरडला. "अंगाला लागला असता तर पॉइंट त्यांचा होता. सोडला म्हणून जिंकलात!"

लेकीने धावत येऊन त्याला घट्ट मिठी मारली. तिकडे हेल्मेट घालूनच आलेले सासरे शेजारच्यांना सांगत होते, "आमच्या हॉलमध्ये तयार झालाय तो."

पुढच्या फेरीत दोघं सपशेल हरले, पण ते सांगायला चष्मेवाल्याला अजून सवड मिळालेली नाही. गिऱ्हाइकाने फळ्यावरची अक्षरं वाचायच्या आधी त्याला जिंकलेला सामना ऐकावा लागतो.

जिंकले त्या दिवशी संध्याकाळी बायकोने विचारलं होतं, "खरं सांगा, अख्ख्या सामन्यात तुमच्या रॅकेटला चेंडू लागला किती वेळा?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"एकदा."

"कधी?"

"दंतवैद्यांचा चेंडू त्यांना परत देत होतो, तेव्हा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तोही जाळ्यात गेला."