हात देणारी भिंत

पाहुणं म्हणून कुणाकडे गेलं की माणसं आधी पाणी मागतात. वेणूअक्का आधी भिंत चाचपायच्या. एकदा भाचीसाठी स्थळ पाहायला अमळनेरला गेल्या. मंडळी मुलाची जमीन, शिक्षण विचारत होती आणि अक्का ओसरीच्या कोपऱ्यात दगडांच्या सांध्यात बोटं खुपसून उभ्या. परतताना भावानं विचारलं, "अक्का, पोऱ्या कसा वाटना?"

"पोऱ्या ठीक शे. भिंत मातर हात देस."

लग्न जमलं.

अक्का आमच्या समोर भावाकडे राहायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळ्या. गावाबाहेर मंदीत बंद पडलेली जीन होती. तिथं पूर्वी कापसातली सरकी काढत. आता छप्पर उडून नुसत्या दगडी भिंती उरलेल्या. दुपारी गाव आडवं झालं की अक्का लुगड्याचा काचा घट्ट मारून त्यांवर चढायच्या. शिडी नाही, दोर नाही. दीड पुरुष वर जायचं, उतरायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूनं चढायचं. वर काय आहे विचारलं तर म्हणायच्या, "वर काहीच नही व. चढनामा मजा शे."

त्यांच्या लेखी भिंतींच्या दोनच जाती. हात देणारी, म्हणजे चढताना बोटांना धरू देणारी, आणि रुसलेली. नदीतल्या पडक्या पुलाचा खांब रुसलेला होता. त्याच्याकडे त्या जाता-येता बघतसुद्धा नसत. एकदा शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना वर पाहिलं आणि भूत समजून जीनच्या पायथ्याशी नारळ ठेवला. अक्कांनी उतरून तो फोडला आणि सगळ्या आळीला खोबरं वाटलं.

मी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लग्न होऊन धुळ्याहून आलेली. दिवसभर चूल आणि सासूबाई. एका दुपारी सासूबाई घोरत असताना अक्कांबरोबर गेले. वहाणा काढल्या, पदर खोचला, चार दगड वर चढले, आणि दोन्ही मनगटं आपटून हातांतल्या सगळ्या बांगड्यांचा चुरा झाला.

"फुट्यात," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. बांगड्या फुटल्या म्हणायचं नसतं, वाढल्या म्हणायचं. अक्कांना हा शब्द कधी लागलाच नव्हता. त्या लहानपणीच विधवा झाल्या होत्या आणि त्यांच्या घराण्यात पुन्हा लग्न लावून देत नसत.

त्यांचा चेहरा उतरला. माझे मोकळे हात सासूबाईंना दिसले असते तर मला बोलणी बसली असती, पण अक्कांचं घराबाहेर पडणंच बंद झालं असतं. विधवेच्या संगतीत नव्या सुनेच्या बांगड्या फुटल्या, एवढं गावाला पुरेसं होतं. "चाल," त्या म्हणाल्या, "चांदचाचाकडे."

मागच्या आळीनं गेलो. चांदचाचा गावचे बांगड्या भरणारे मण्यार, डोळ्यांत मोतीबिंदू झालेले. "हात ढीला छोड, बेटी," म्हणत त्यांनी माझा हात दाबून दाबून बांगड्या भरल्या. अक्का दाराशी उभ्या राहून टक लावून बघत होत्या. माझं झालं तसा चाचांनी त्या दिशेला हात पुढे केला. "चलो, आता दुसऱ्या बाई. हात द्या."

अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मन्हा हात दगडना व्हई गयात, चाचा. बांगडी बसाव नही."

आवाज ओळखून चाचांनी हात मागे घेतला आणि खाली मान घालून बांगड्या आवरत बसले.

माझ्या वहाणा जीनपाशीच राहिल्या होत्या, म्हणून पुन्हा तिकडून आलो. मी वहाणा घालत होते तेव्हा अक्कांनी विचारलं, "तो हात दाबस, तवय दुखस का व?"

"थोडं."

"माले याद नही."

मी त्यांचा हात ओढून घेतला, अंगठा आत दुमडला आणि चाचा दाबत होते तसा हळूहळू दाबत राहिले. हात खरखरीत होता, चिरा पडलेला. पण दाबला की मऊ पडत होता. बांगडी सहज बसली असती.

अक्कांनी हात काढून घेतला नाही. जीनच्या भिंतीकडे तोंड करून, तिला सांगावं तशा म्हणाल्या, "हाई पोर हात देस."