मुंजाजीरावांनी धरलेली जागा

मशीन मंद झाली की आमचे मुंजाजीराव तिला कान लावायचे. अक्षरशः! टोपी काढून, गुडघे टेकून, कपाटाएवढ्या त्या धुडाला डावा कान चिकटवायचे आणि उजवा हात वर करून ओरडायचे, "खामोश!" मग आम्ही सातही जणांनी टायपिंग थांबवायचं आणि कुणीतरी उठून पंखा बंद करायचा.

परभणीतल्या आमच्या सरकारी कचेरीत तेव्हा एकच युनिक्सची मशीन होती आणि तिला जोडलेले आठ टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक. तिसऱ्यावर मी. आठवं रिकामं, कारण तिथला गंगाधर चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता. मशीनचे डॉक्टर म्हणजे मुंजाजीराव. रोज मानवतहून एसटीनं यायचे, चपला बाहेर काढून खोलीत शिरायचे आणि साहेबांनाही बूट काढायला लावायचे. साहेबांच्या मोज्याला भोक आहे हे आख्ख्या कचेरीला त्यामुळंच कळलं.

साहेबांना एकच औषध ठाऊक. "बंद करून चालू करा की हो!"

"साहेब, तुमचं पोट दुखलं तर तुमाला झोपवून उठवलं की झालं व्हय? दुखणं कुठं हाय, बघू तर द्या!"

हे 'बघू तर द्या' दिवसातून वीसदा. आधी कान, मग पडद्यावरचे आकडे: मेमरी किती उरली, कोण किती खातंय, डिस्कवर किती ये-जा चाललीय. मला त्यांनी हे स्वयंपाकघरात नेऊन समजावलं होतं. "मेमरी म्हंजे वटा. वटा भरला की ही बिचारी भांडी माळ्यावर ठिवती. त्याला स्वॅप म्हणायचं. लागलं की पुन्हा उतरवती. आता वट्यावर तसूभर जागा न्हाई म्हणल्यावर दिवसभर शिडीच चढायलीय, उतरायलीय. सैपाक कधी करंल?"

एकदा मात्र ती भलत्याच दिवशी शिडीवर अडकली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाची यादी निघायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक निघणार. व्हरांड्यात पाथरीकडची माणसं सकाळपासून बसलेली. एक बाई दर अर्ध्या तासानं दारात यायची. "पोरीला ठिवून जावं का संगं न्यावं, एवढं सांगा. वरीस जाईल हो तिच्या शाळंचं."

आणि मशीन ढिम्म. एक अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, मग ते उमटायचं. साहेब बटणाकडे निघाले तसे मुंजाजीराव आडवे आले. "बघू तर द्या!" कान लावला. पडदा बघितला. आणि भडकले की हो!

"माणसं सात आन् प्रोग्राम बावीस? कुणी घातला हा धिंगाणा?"

आम्ही सगळ्यांनीच. मशीन हळू, म्हणून चहाला जाताना प्रत्येक जण तोच प्रोग्राम दोन-दोन, तीन-तीनदा उघडून ठेवायचा, आल्यावर आपला नंबर आधी लागावा म्हणून. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं!

"उचला रुमाल! समदे!" मुंजाजीराव गरजले. आम्ही माना खाली घालून सगळे प्रोग्राम बंद केले. डिस्कची खरखर थांबली, यादी धावायला लागली आणि निम्म्यात येऊन अडली. जागा नाही, म्हणे.

"माळाच भरलाय," मुंजाजीराव पुटपुटले. मी वाकून पडद्यावर पाहिलं. एक जाडजूड प्रोग्राम अजून होताच, पाथरी तालुक्याची आख्खी जुनी यादी उघडून बसलेला. आठव्या टर्मिनलवर, गंगाधरच्या नावानं.

"हा कुणाचा हो?" मी विचारलं.

मुंजाजीराव टोपी चाचपत राहिले. "माजा. रोज सकाळी आल्याबरोबर मीच उघडतो. त्यानं जिथं सोडलं, यादीतल्या त्याच नावावर नेऊन ठिवतो."

"अहो, पण काम तर साठवलेलं आहे. कशाला उघडायचं?"

"अकरा वर्सं त्यो मानवतला एसटीच्या खिडकीतून आत घुसून माजी जागा धरायचा. मला कुठं जमतंय घुसायला, ह्या पोटानं? चार महिने झाले, मी उभ्यानं यायलोय." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ओढली. "मला त्याची येक जागा धरता येऊ नये?"

बाहेर ती बाई पुन्हा दारात आली होती. मुंजाजीरावांनी तिच्याकडे पाहिलं, आठव्या टर्मिनलवर जाऊन बसले, आणि आमच्याकडे पाठ करून प्रोग्राम बंद केला.

साडेपाचला प्रिंटर करकरत सुरू झाला. यादी व्हरांड्यात मुंजाजीरावांनीच वाचली. बाईच्या पोरीचं नाव आलं तेव्हा तिनं ते तीनदा वाचायला लावलं, आणि यांनी चौथ्यांदा आपणहून वाचलं.

सोमवारी साहेब यादीची प्रत सही करायला घेऊन आले, बूट काढून. एकच खुर्ची रिकामी होती, आठवी. तिच्यावर इस्त्री केलेला चौकड्यांचा रुमाल होता.

"साहेब, जागा धरलेली हाय," मुंजाजीराव मशीनमागून म्हणाले.

आता स्फोट होणार म्हणून आम्ही टायपिंग थांबवलं. साहेबांनी त्या रुमालाकडे पाहिलं. मग त्यांनी कागद भिंतीला टेकवला आणि उभ्यानंच सही केली.