टेबल सातवर त्रास कोणाला?

मेनू कार्ड मागायचं नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं. मागच्या वेळी मागितलं तेव्हा वेटरने टेबलावरच्या ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनाकडे बोट दाखवलं आणि मी तो डाग समजून पुसायला घेतला. (रुमाल ओला करून.)

आज तसं करून चालणार नव्हतं. आमच्या चैत्रालीला बघायला, म्हणजे भेटायला (‘बघायला’ म्हटलं की लेक चिडते), उन्मेष आणि त्याचे आईवडील उल्हासनगरच्या हॉटेलात आले होते. पोरांचं आधीच जमलेलं. परीक्षा आम्हा नवराबायकोची होती.

"बाबा, फोन सायलेंटवर ठेवा आणि फार बोलू नका," लेकीने बजावलं होतं.

मी ऐटीत स्कॅन केलं. अख्खा मेनू फोनवर उघडला. आता एवढा पराक्रम केल्यावर माणूस गप्प कसा बसेल? तीच लिंक मी फॅमिली ग्रुपवर ढकलली. ‘उल्हासनगरला आलोय. बघा काय काय मिळतं.’ मग फोन सायलेंट करून खिशात टाकला आणि बायकोने, नीलिमाने, माफक जेवण सांगितलं.

आमच्याकडे कोणी उल्हासनगरला गेलं की त्याने सगळ्यांसाठी काहीतरी घेऊनच यायचं, ही जुनी रीत. ती मी विसरलो. आणि लिंक टेबल सातची होती. कुठेही बसून ऑर्डर दाबा, ताट टेबल सातवरच येणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी दाल पकवान आलं, कडक पुरी आणि डाळ. मग कोकी, म्हणजे सिंध्यांची जाड पोळी, आली. मग पुन्हा दाल पकवान. वेटरने शेजारचं टेबल ओढून जोडलं.

"अहो, एवढं कशाला?" उन्मेषचे वडील म्हणाले.

"आमचा पाहुणचार असाच असतो," मी म्हणालो. टेबलाखाली नीलिमाने माझा पाय चेचला.

वेटर हातात चिठ्ठी घेऊन आला. "साब, इसमें लिखा है, ‘दात नाहीत, मऊ करा.’ पकवान मऊ कैसे करेंगे?"

शिरगावच्या पुतळाआत्या! मी चोरून फोन पाहिला. ग्रुपवर ‘मी दाबलं’, ‘मीपण’, ‘पार्सल नीट बांधायला सांग’ अशी नुसती रांग लागली होती. सगळं कळलं, पण तोवर वेटरने दुसरी चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात वाचली.

"‘कढी तिखट नको, मूळव्याध आहे.’ किसको है, साब?"

हे मांजर्लीचे महिपतीकाका. पण काका मांजर्लीत, आणि चिठ्ठी आमच्या टेबलावर. उन्मेषच्या आईने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. चैत्रालीचा चेहरा पार उतरला. आता हे लग्न मोडतंय, अशी माझी खात्रीच झाली.

"यांना," नीलिमा शांतपणे म्हणाली.

बदलापूरला परतताना मी रिक्षात कुरकुरलो, "मला कुठे आहे?"

"काकांचं नाव घेतलं असतं तर तुम्ही काय करून ठेवलंत तेही सांगावं लागलं असतं. दुखणं काय, कोणालाही होतं. बावळट सासऱ्यापेक्षा आजारी सासरा बरा."

आणि जमलं की हो! लग्न थाटात झालं. व्याह्यांनी माझी फारच काळजी घेतली. भर पंगतीत मला बिनतिखटाची खिचडी वाढली आणि खुर्चीवर जाडजूड उशी ठेवली. शेजारी महिपतीकाका झणझणीत रस्सा ओरपत होते. ("एक दिवस चालतं रे.") त्यांनी माझ्या उशीकडे पाहिलं आणि हातातली वाटीच खाली ठेवली.

"श्रीपाद, तुलापण? कधी बोलला नाहीस ते. माझा डॉक्टर चांगला आहे."

आणि तिथल्या तिथे, माझं नाव घालून, त्यांनी डॉक्टरचा नंबर फॅमिली ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर आता व्याहीही आहेत. पहिला अंगठा त्यांचाच आला.